ब्रेक लागले होते : फोंडा तालुक्यातल्या एका उतारावरच्या धडकेचा हिशेब

गाडीचे ब्रेक निकामी झाले होते का, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आला होता. अपघात जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आतल्या रस्त्यावरचा. उतारावर बंद पडलेल्या ट्रकला एक हॅचबॅक मागून धडकली. कोणी दगावले नाही. मागच्या सीटवरच्या मावशींचे मनगट मोडले, कपाळाला टाके पडले. गाडीचे बॉनेट, रेडिएटर आणि पुढची काच गेली. गाडी चालवणारा पंचविशीतला मुलगा एके काळी माझ्या वर्गात होता.

दोनच आठवड्यांपूर्वी गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते, ब्रेक पॅड नवे घातले होते. त्यामुळे घरच्यांचा सगळा रोख गॅरेजवर. विम्याच्या फॉर्मवर अपघाताच्या कारणापुढे ‘ब्रेक फेल’ लिहायचे की नाही यावरून घरात दोन तट पडले, आणि शेवटी मुलाचे वडील डॅशकॅमची चित्रफीत पेन ड्राइव्हवर घालून माझ्याकडे आले. मुलगा सोबत होता. त्याचे म्हणणे एका वाक्याचे होते : “सर, ब्रेक मारलो, पूण गाडी रावलीच ना.” म्हणजे ब्रेक मारला, पण गाडी थांबलीच नाही. वाक्य शंभर टक्के खरे होते. त्यावरून घरच्यांनी काढलेला निष्कर्ष खरा होता का, ते तपासायचे होते.

कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत. अंतरे, वेळा आणि उतार मात्र गाळून चालणार नाही, कारण सगळे प्रकरण त्यांच्यावरच उभे आहे.

जागा

रस्ता दोन पदरी, डांबर बरे. एका बाजूला चिऱ्याची उभी कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला कुळागराकडे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेकडे, उतरणारा बांध. उतार संपत नाही तोवर रस्ता डावीकडे वळतो. दरड वळणाच्या आतल्या अंगाला येते आणि पुढचा रस्ता झाकते. पावसाळ्याच्या तोंडावर दरडीवरून वेली खाली लोंबायला लागतात, त्यांनी आणखी थोडे झाकले होते. वळणाआधी ताशी ४० किलोमीटरची पाटी आहे. तीही वेलीखाली गेली होती. मला ती खांब दिसला म्हणून सापडली.

वळण संपता संपता एक मोरी आहे, तिचा कठडा चुन्याने रंगवलेला. चित्रफितीत हा कठडा गाडीच्या अगदी बाजूला असतो त्या क्षणी ट्रकचा मागचा कोपरा पहिल्यांदा दिसतो. ट्रक कुठे उभा होता हे शोधायला त्रास पडला नाही. चाकांखाली लावलेले दगड, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, ट्रक निघून गेल्यावर तिथेच पडून राहिले होते. मोरीपासून ट्रकच्या मागच्या फळीपर्यंत टेपने मोजलेले अंतर ५५ मीटर भरले.

उतार मोजायला गवंड्याची पाणसळ आणि दीड मीटरची फळी पुरली. फळी आडवी समतल धरली की खालच्या टोकाशी रस्ता १० सेंटीमीटर खाली जातो. म्हणजे १५ मीटरला एक मीटर उतार. गाडीत बसलेल्याला तो जाणवतसुद्धा नाही.

वेळ संध्याकाळची, साडेसहाच्या पुढची. दिवसभर आभाळ भरून होते आणि धडकेच्या आधी दहा-पंधरा मिनिटे पाऊस सुरू झाला होता. जोराचा नव्हे, बारीक. याकडे पुढे परत यायचे आहे.

चित्रफीत काय सांगते

डॅशकॅम सेकंदाला ३० फ्रेम टिपत होता. कॅमेऱ्यावर उमटणाऱ्या वेगाच्या आकड्यावर मी विसंबलो नाही, कारण तो उपग्रहाकडून येतो आणि वळणावर, दरडीच्या आडोशाला मागे-पुढे होतो. मोरीच्या आधी रस्त्याकडेला विजेचे दोन खांब आहेत, त्यांच्यातले अंतर ४० मीटर. गाडीने ते ७२ फ्रेममध्ये, म्हणजे २.४ सेकंदांत कापले. वेग निघतो सेकंदाला १६.७ मीटर, अर्थात ताशी ६०. मुलानेही साठच सांगितले होते. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी फरक ताशी एक किलोमीटरच्या आतला.

आता ब्रेक कधी लागला? आपल्याच गाडीचे मागचे लाल दिवे पुढच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. पण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, स्प्रिंगा दबतात, नाक खाली जाते आणि कॅमेऱ्यातले क्षितिज वर सरकते. ही उसळी एका फ्रेमवर बोट ठेवून दाखवता येते. ट्रक दिसल्यापासून त्या उसळीपर्यंत ४२ फ्रेम गेल्या, १.४ सेकंद. तेवढ्या वेळात गाडी ६०च्याच वेगाने २३.३ मीटर पुढे आली होती. ५५ मधून २३.३ वजा केले की ब्रेकच्या वाट्याला उरले ३१.७ मीटर.

नाक खाली गेल्यापासून धडकेपर्यंत ७६ फ्रेम, म्हणजे साधारण २.५३ सेकंद. खरा पुरावा इथे आहे. ३१.७ मीटर २.५३ सेकंदांत, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १२.५ मीटर. वेग एकसारखा उतरत असेल तर सरासरी ही सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मधोमध पडते. सुरुवात १६.७, मध्य १२.५, तेव्हा शेवट ८.४. ताशी ३० किलोमीटर. धडक तीसच्या वेगाने झाली.

ब्रेक खरोखर गेले असते तर काय दिसले असते? उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ओढते आणि इंजिन व हवा मिळून साधारण तेवढेच मागे खेचतात, त्यामुळे गाडी साठाच्या आसपासच राहिली असती. ३१.७ मीटर तिने १.९ सेकंदांत संपवले असते. चित्रफितीत त्याच अंतराला ०.६ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागला आहे. त्या २.५३ सेकंदांत ब्रेकनी गाडीची तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा काढून घेतली होती. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग निम्म्यावर आला की ऊर्जा पावावर येते. उरलेल्या पाव ऊर्जेने बॉनेट चेपले आणि मनगट मोडले.

वेग सेकंदाला ८.३ मीटरने कमी झाला, २.५३ सेकंदांत. म्हणजे मंदन (वेग कमी होण्याचा दर) दर सेकंदाला ३.२७ मीटर प्रति सेकंद. गुरुत्वत्वरण ९.८ ने भागले तर ०.३३. उताराने चोरलेले ०.०६७ त्यात परत मिळवले की टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचे माप, मिळतो ०.४०. ओल्या डांबरावर साधारण एवढाच मिळतो. रस्ता जेवढी पकड द्यायला तयार होता तेवढी सगळी ब्रेकनी वापरली होती. याहून चांगले पॅड घातले असते तरी चाके आधी घसरायला लागली असती; गाडी आधी थांबली नसती. गॅरेज या हिशेबातून सुटते.

दुसऱ्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली तेव्हा ब्रेक ऑइल पूर्ण, पॅड जवळपास नवे आणि चारही चाकांना ब्रेक लागत होता. पुढच्या टायरांच्या खाचा मात्र १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकत आल्या होत्या. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते आणि तिचे काम एकच : खालचे पाणी बाजूला काढणे. वरच्या ०.४०मध्ये पाऊस, चिखल आणि झिजलेला टायर या तिघांचाही वाटा आहे.

मुलाच्या मनात ‘ब्रेक गेला’ हे एवढे पक्के का बसले होते, तेही विचारल्यावर कळले. पेडल पायाखाली थडथडत होते, उलटे लाथाडत होते. गाडी २०२०ची, म्हणजे एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) असलेली. भारतात एप्रिल २०१९ नंतर नव्या मोटारींना ते सक्तीचेच झाले. चाक घसरून जाम होऊ लागले की ही यंत्रणा क्षणभर ब्रेक सोडते, परत लावते, सेकंदाला अनेक वेळा. घसरणाऱ्या रबरापेक्षा गोल फिरणाऱ्या चाकाची पकड जास्त असते आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग चालू राहते. पेडल थडथडणे हे ती काम करत असल्याचे लक्षण. दुर्दैवाने गाडी विकताना हे कोणी दाखवून देत नाही, आणि पहिल्यांदा ती थडथड पायाला लागते तेव्हा माणूस घाबरून पाय सैल करतो. या मुलाने केला नाही. चित्रफितीत नाक शेवटपर्यंत खालीच आहे. त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायला हवी होती. घरी मात्र त्याला बोलणी बसली होती.

मग चुकले कुठे

सुरुवातीचा वेग १६.७ आणि मंदन ३.२७ असेल तर पूर्ण थांबायला ४२.५ मीटर लागतात. त्यात आधीचे २३.३ मिळवा : ६५.८. रस्त्याने दिले होते ५५. अकरा मीटर कमी पडले.

अकरा मीटर म्हणजे अडीच-तीन गाड्यांची लांबी. एवढ्याशा अंतरासाठी तीसचा वेग उरतो, हे वडिलांना पटेना. अकरावीतल्या मुलांनाही पटत नाही. आपल्याला वाटते की वेग अंतराबरोबर सारखा कमी होत जातो : अर्धे अंतर गेले की अर्धा वेग. तसे होत नाही. ब्रेक सेकंदासेकंदाला सारखा वेग काढतो, पण सुरुवातीच्या सेकंदांत गाडी पळत असते, म्हणून मीटर भसाभस संपतात आणि वेग त्या मानाने थोडाच उतरतो. शेवटच्या थोड्या मीटरांत गाडी हळू असते, तिथे दर मीटरला पुष्कळ वेग उतरतो. तेच मीटर नेमके ट्रकने घेतले होते.

याच वळणावर, याच ओल्यात, हाच मुलगा, हेच १.४ सेकंद धरून नुसता वेग बदलून पाहिला. ताशी ५०ने आला असता तर १९.४ मीटर प्रतिक्रियेत आणि २९.५ ब्रेकमध्ये, एकूण ४९ मीटर. ट्रकच्या सहा मीटर अलीकडे उभा राहिला असता, चार शिव्या देऊन बाजूने गेला असता. ६०ला धडक तीसची. ७०ने आला असता तर धडक पन्नासची. पन्नासला शून्य, साठाला तीस, सत्तरला पन्नास : मला या प्रकरणातले सगळ्यात बोलके आकडे हेच वाटतात. या उतारावर दहाच्या फरकाने माणूस अर्धे मिनिटही वाचवत नाही.

पण मुलाचा प्रश्न चोख होता. “सर, मी रोज इथून साठनेच येतो. दोन वर्षं झाली नोकरीला.” खरे होते, आणि रोज तो बरोबरही होता. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७च्या आसपास असतो. उतार वजा केला तर ०.६३, म्हणजे ६०वरून थांबायला साडेबावीस मीटरही लागत नाहीत. प्रतिक्रियेचे २३.३ धरून एकूण ४६. हाच ट्रक एप्रिलमध्ये याच जागी उभा असता तर गाडी नऊ मीटर अलीकडे थांबली असती. ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंत हा रस्ता बहुतेक कोरडाच असतो, आणि त्या महिन्यांनी त्याच्या पायाला आणि डोळ्याला एक माप शिकवले होते. पहिल्या पावसाने माप बदलले. डोळ्याला ते कळले नाही.

त्यातही पहिला पाऊस सगळ्यात वाईट. सहा-सात महिने डांबरावर तेलाचे थेंब, टायरचे रबर आणि आपल्याकडची तांबडी धूळ साचत असते. दिचोली-सत्तरीकडे खनिजाचे ट्रक जातात तिथल्या लोकांना हे सांगायला नको. बारीक पाऊस ही सगळी साय नुसती भिजवतो, धुऊन नेत नाही. जुलैच्या धो धो पावसानंतरचा ओला रस्ता या दहा-पंधरा मिनिटांपेक्षा बरा. मोठ्या पावसात धोका वेगळा असतो : साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. त्याला नीट हवा भरलेल्या टायरला ताशी नव्वदच्या आसपास वेग लागतो, खाचा झिजल्या असतील तर बराच कमी. या उतारावर पाणी साचत नाही आणि वेगही साठचा, म्हणून तो मुद्दा मी बाजूला ठेवला.

रस्ता बांधणारे इंजिनिअर मात्र पावसाळाच धरून चालतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ सालापासून रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था. तिच्या कोष्टकात थांबण्यासाठी किती पुढचे दिसले पाहिजे हे दिले आहे, आणि त्यासाठी घर्षण गुणांक ०.३५ ते ०.४० धरला आहे, प्रतिक्रियेला अडीच सेकंद. त्यानुसार ताशी ४०ला ४५ मीटर, ५०ला ६०, ६०ला ८०, ८०ला १२०. आपले ५५ मीटरचे वळण चाळीस आणि पन्नासच्या मध्ये पडते, तेही उतार न धरता. वेलीखालची पाटी ४०च सांगत होती. पाट्यांवरचे आकडे कोणीतरी उगाच ठोकून दिलेले असतात, असे वडिलांचे मत होते. सगळ्या पाट्यांबद्दल मी हमी देणार नाही, पण या पाटीचा आकडा गणिताशी जुळतो.

१.४ सेकंदांत काय घडले

मुलगा फोनवर नव्हता, हे चित्रफितीतल्या आवाजावरून कळते; आई आणि मावशी म्हार्दोळच्या देवळातून निघाल्यापासून कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या आणि तो मधून मधून हुंकार देत होता. १.४ सेकंद ही सुस्ती म्हणता येणार नाही. एखादी गोष्ट अचानक समोर आली की दिसणे, ओळखणे, ठरवणे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेणे आणि पेडल दाबून पकड येणे, एवढ्याला साधारण दीड सेकंद जातोच. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे ६०ला १.७ मीटर. अकरा मीटर वाचवायला त्याला पाऊण सेकंदात ब्रेक लावावा लागला असता. परीक्षेला बसल्यासारखा पाय ब्रेकवर तयार ठेवला तरच ते जमते. उलट कोणी दोन सेकंद फोनकडे पाहिले तर ३३ मीटर तिथेच गेले. मग या वळणावर पन्नासचा वेगसुद्धा वाचवत नाही.

ओळखण्यात वेळ का गेला तेही दिसते. ट्रकचे दिवे बंद, अंधारत आलेले, ट्रक आपल्याच बाजूला, आपल्याच दिशेला तोंड करून. रस्त्यावर पुढे दिसणारा ट्रक चालतो आहे असेच मन धरून चालते, कारण हजारदा तो चालतच असतो. तो उभा आहे हे कळायला त्याचा आकार डोळ्यात भराभर मोठा व्हावा लागतो.

इथे एक गोष्ट रोजच्या सवयीआड लपते. चालत्या गाडीच्या मागे असताना पुढच्याने ब्रेक मारला तर तोही थांबायला त्याचे अंतर घेतो, आणि ते अंतर आपल्याला फुकट मिळते. दोघांचे ब्रेक सारखे असतील तर आपल्याला मध्ये फक्त प्रतिक्रियेपुरती जागा हवी, ६०ला २३-२४ मीटर. म्हणून वेर्ण्याच्या हमरस्त्यावर माणसे एकमेकांना चिकटून चालतात आणि बहुतेक वेळा निभावते. उभा ट्रक काहीच फुकट देत नाही. तिथे प्रतिक्रिया आणि ब्रेक, दोन्हीचे पूर्ण अंतर आपल्याच खिशातून जाते, आणि सवय अर्ध्या हिशेबाची असते.

वळणाचाही एक प्रश्न होता. टायरची पकड एकच असते. वळायला जेवढी खर्च झाली तेवढी थांबायला उरत नाही. इथे ब्रेक लागेपर्यंत गाडी सरळ रस्त्यावर आली होती म्हणून मला हिशेब सोपा ठेवता आला. दहा मीटर आधी, वळणातच ब्रेक लागता तर पकड दोन्हीकडे वाटली गेली असती.

नारळांचे पोते, आणि मावशी

मुलाच्या काकांचा सिद्धांत वेगळा होता : डिकीत नारळांचे पोते होते, त्या वजनाने गाडी रेटली. ऐकायला बरोबर वाटते. वजन वाढले तर थांबवायला जास्त बळ लागते हे खरेच. पण त्याच वजनाने टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. भागाकारात वजन निघून जाते. घर्षण भाराच्या प्रमाणात असते हे फ्रेंच शास्त्रज्ञ अमोंताँ यांनी १६९९मध्ये मांडले. पन्नास किलोचे पोते अकराशे-साडेअकराशे किलोच्या गाडीत असले-नसले तरी थांबण्याचे अंतर तेच. वजनाचा खरा त्रास चोर्ला किंवा अनमोडसारख्या लांब घाटात होतो. तिथे सारखा ब्रेक दाबत उतरले की डिस्क तापतात, पॅडची पकड जाते आणि जास्त वजनाची जास्त ऊर्जा उष्णता होऊन तिथेच साचते. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचे. आपला उतार दोन मिनिटांचाही नाही.

पोते डिकीत होते हे मात्र नशीब. मागच्या सीटवर असते तर धडकेनंतर तेही सेकंदाला ८.४ मीटरने पुढे आले असते. मावशींचे तेच झाले. पुढच्या दोघांनी पट्टे बांधले होते. मावशींनी बांधला नव्हता, ‘मागे कशाला’ म्हणून. मागच्या सीटवरही तो सक्तीचा आहे हे घरात कोणाला माहीतच नव्हते.

पट्टा बांधलेल्याला गाडीच्या चेपण्याचे अंतर मिळते. बॉनेट चेपले, पट्टा ताणला, सगळे मिळून अर्धा मीटर धरू. ८.४चा वेग अर्ध्या मीटरात शून्य करायला गुरुत्वाच्या सातपट मंदन लागते. साठ किलोच्या माणसावर सव्वाचारशे किलोच्या वजनाएवढे बळ, छातीवर आणि ओटीपोटाच्या हाडांवर पसरलेले. दुखते, पण सोसते. पट्टा नसलेले शरीर जडत्वाने तसेच पुढे जाते. ते पुढच्या सीटवर आदळेपर्यंत गाडी थांबलेली असते आणि चेपण्याचे अंतर संपलेले असते. सीटची पाठ दहा सेंटीमीटर दबली असे धरले तर मंदन पस्तीसपटीच्या वर जाते, बळ पाचपट. मावशींनी हात पुढे धरले होते. हातांनी ते पेलण्यासारखे नव्हतेच.

तीसचा वेग म्हणजे साडेतीन मीटरांवरून खाली पडणे. साठ म्हणजे चौदा मीटर, चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून. माडावरून पडले तर काय होते हे मावशींना सांगावे लागले नसते, मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल मात्र त्या इस्पितळातून आल्यावरही म्हणत होत्या, “सर, त्यो टोचता.”

ट्रकवाला

ट्रकवाल्याने फांद्या तोडून मागे टाकल्या होत्या. हेतू चांगला, जागा चुकीची : फांद्या ट्रकपासून सहा-सात मीटरांवर होत्या. वळणातून येणाऱ्याला ट्रक आणि फांद्या एकदमच दिसणार. फांद्यांनी एक मीटरही वाढवून दिला नाही. त्या मोरीच्या अलीकडे, वळण सुरू होण्याआधी पडल्या असत्या तर मुलाचा पाय आधीच ॲक्सिलरेटरवरून उठला असता. वळणाआड बंद पडलेल्या गाडीची खूण वळणाच्या आधी लावायची. गाडीपासून किती मीटर, याला तिथे अर्थ नाही.

वडिलांची शेवटची तक्रार मला रास्त वाटली. “सर, चाळीसने गेलो तर मागची बस डोक्यावर बसते.” बसते खरी. त्याला भौतिकशास्त्रात पूर्ण उत्तर नाही. वेग वळणात उतरवण्यापेक्षा आधी, खांब लागण्यापूर्वी हळूहळू उतरवला तर मागच्याला लाल दिवे वेळेत दिसतात, एवढे सांगता येते. आणि मागची बस अगदीच चिकटली असेल तर वेग आणखी कमी ठेवावा, म्हणजे आपल्याला कधीच जोराचा ब्रेक मारावा लागत नाही. वडिलांना हे फारसे आवडले नाही.

फॉर्मवर ‘ब्रेक फेल’ लिहिले गेले नाही. ओल्या उतारावर, वळणानंतर, दिवे नसलेल्या उभ्या ट्रकला मागून धडक, असे मुलाने स्वतः लिहिले. पुढचे दोन्ही टायर बदलले.

नंतर पाटीवरच्या आणि दरडीवरच्या वेली कोणीतरी कापल्या. मी मोरीपाशी परत टेप धरला. ट्रकच्या जागेवरचे दगड आता अलीकडूनच दिसत होते : ६२ मीटर. ओल्यात साठने येणाऱ्याला लागतात ६६, म्हणजे धडक अजून होतेच, अठराच्या वेगाने. मुलगा म्हणाला, पंचावन्नने आलो तर? पंचावन्नला ५७ लागतात, थांबशील. पण गणेशचतुर्थीपर्यंत वेली पुन्हा खाली येतात, तेव्हा हिशेब ५५ मीटरचाच धर आणि ओल्यात पन्नासच्या वर येऊ नकोस, असे मी त्याला सांगितले.